ब्लॉक नंबर अकरातली शिकवणी

आमच्या सोसायटीच्या १९८६ सालच्या इतिवृत्ताच्या वहीत माझ्या नावाने एक ठराव आहे. ‘ब्लॉक नंबर अकराचे श्री. चंद्रप्रकाश तिरोडकर हे आपला अमूल्य वेळ खर्च करून गरजूंना विनामूल्य ज्ञानदान करीत असल्याबद्दल ही सभा त्यांचे हार्दिक अभिनंदन करीत आहे.’ या वाक्यात ब्लॉकचा नंबर बरोबर आहे आणि माझं नाव बरोबर आहे. बाकीचं कसं घडलं ते एकदा लिहून ठेवलेलं बरं.

मी सरकारी खात्यात कनिष्ठ लिपिक. कनिष्ठ या शब्दाचं पंचविशीत काही वाटत नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी, चष्म्याचा नंबर दोनदा वाढल्यावर, तो शब्द बोचायला लागतो. वरिष्ठ व्हायचं तर आमच्या खात्याची परीक्षा पास व्हावी लागते आणि त्यासाठी संधी तीन. त्यातल्या दोन मी वापरून टाकल्या होत्या. पहिल्या वेळी मला ताप होता. दुसऱ्या वेळी ताप नव्हता, त्यामुळे कारण शोधायला जरा वेळ लागला. आता ऑक्टोबरातली तिसरी संधी चुकली की निवृत्त होईपर्यंत कनिष्ठ, आणि निरोपाच्या दिवशी माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेला कुणीतरी वरिष्ठ माझ्या गळ्यात हार घालणार. हे चित्र मला रोज आंघोळीच्या वेळी दिसायचं. का कोण जाणे, आंघोळीच्याच वेळी.

सोसायटीत मात्र मी साहेब होतो. मी स्वतः तसं कधी म्हटलं नव्हतं. दारावर ‘चं. वि. तिरोडकर, शासकीय सेवा’ एवढीच पाटी होती आणि मी सफारी घालून ऑफिसला जात असे. उरलेलं लोकांनी आपापलं भरून घेतलं. रेशनकार्डात नाव चढवायचं असो की गॅसचा नंबर लावायचा असो, अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येत. अशा माणसाने खात्याच्या परीक्षेत दोनदा आपटी खाल्ली आहे, हे सोसायटीत माझ्याखेरीज फक्त बायकोला, नलिनीला, माहीत होतं. ती गुपित राखण्यात पटाईत आहे, फक्त त्याची किंमत म्हणून अधूनमधून एक उसासा टाकते.

त्या वर्षी आमच्या शाखेत विनी घोन्साल्विस नावाची मुलगी बदलून आली. वय चोवीस. ही परीक्षा तिने पहिल्या फटक्यात मारली होती आणि आता वरच्या, म्हणजे अधीक्षकाच्या परीक्षेला बसायची तयारी चालू होती. राहायला बोरिवलीतच, आमच्या सोसायटीच्या मागच्या गावठाणात. तिथे क्रूस आहे, विहीर आहे आणि विनीच्या आईची, उर्सुलाबाईंची, भाजीची वाडी आहे. ही माणसं बोरिवलीत आमच्या कितीतरी पिढ्या आधीपासून आहेत. आमची सोसायटी उभी राहून अकरा वर्षं झाली होती, तरी आमच्याकडे त्यांना ‘बाहेरचे’ म्हणत.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी विनीला सहज म्हटलं, की हल्लीच्या मुलांचं नियमांचं ज्ञान कितपत पक्कं असतं ते एकदा बसून पाहावं म्हणतोय, अनुभवी माणसाच्या दृष्टीने. तिने डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, “सर, तुम्हाला परीक्षेसाठी शिकवू का?”

आजूबाजूला कुणी ऐकलं नाही याची खात्री करून मी हो म्हटलं.

शिकवणी कुठे घ्यायची हा प्रश्न मोठा होता. ऑफिसात शक्य नव्हतं. तिच्या घरी जायचं तर हातात वही घेऊन गावठाणाच्या गल्लीत शिरताना अख्ख्या बोरिवलीने मला पाहिलं असतं. उरलं माझं घर. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी पावणेसात ते साडेसात असं तिने ठरवलं. दोन तास तरी पाहिजेत, असं मी म्हटलं. पाऊण तासानंतर तुमचं लक्ष राहणार नाही, असं ती म्हणाली. हे तिने माझी परीक्षा न घेता कशावरून ठरवलं, असं विचारणार होतो, पण आदल्या आठवड्यातल्या मीटिंगमध्ये मी डुलक्या घेत होतो तेव्हा ती समोरच बसली होती.

मी आधीचा रविवार तयारीत घालवला. तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन पूर्ण नियमपुस्तकाचं वेळापत्रक आखलं. लाल रंग कठीण भागाला, हिरवा सोप्याला आणि निळा उजळणीला. हिरवा रंग वापरायची फारशी वेळ आली नाही. संध्याकाळपर्यंत वेळापत्रक इतकं देखणं झालं की नलिनीने ते कॅलेंडरच्या शेजारी लावलं. सगळा अभ्यास त्यातच झाल्यासारखं वाटून मी लवकर झोपलो.

आता प्रश्न राहिला दाराचा. नलिनीचा विनीवर विश्वास होता आणि माझ्याविषयी तिला कसली भीती वाटावी असं माझ्यात काही शिल्लक नव्हतं. पण तरणी मुलगी घरात येते आणि दार लावून घेतात, हे बरं दिसत नाही, असं तिचं म्हणणं. दार लोटलं तर लोक बोलतील आणि उघडं ठेवलं तर लोक ऐकतील. मध्यमवर्गीय माणसाला यातलं दुसरं परवडतं, अशी आमची समजूत. दार सताड उघडं राहिलं, नलिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात भाजी निवडत बसली आणि शिकवणी सुरू झाली.

विनीने वेळापत्रक पाहिलं, छान आहे म्हणाली आणि बाजूला ठेवलं. मग तिने मला दहा प्रश्न लिहून दिले आणि पुस्तक न बघता सोडवायला सांगितले. माझे दोन बरोबर आले. त्यातला एक माझ्या स्वतःच्या नेमणुकीच्या तारखेचा होता.

“बरं झालं,” ती म्हणाली. “तुम्हाला वाटत होतं प्रवासभत्ता कच्चा आहे. तो ठीक आहे. तुम्हाला रजा येत नाही.”

मला रजा येत नाही हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकवीस वर्षं मी रजा घेत आलो होतो. पण रजा घेणं आणि रजा मोजणं यांत, जेवणं आणि स्वयंपाक करणं यांच्यात आहे तेवढाच फरक आहे, हे मला त्या दिवशी कळलं. नलिनीने भाजीतून मान वर न काढता तो तिचा उसासा टाकला.

विनीची पद्धत अशी. पहिली पाच मिनिटं मागच्या वेळचं, वही मिटून. मग नवा नियम, एकच. मी हुरूपाने दोन करू म्हटलं की ती म्हणायची, सर, एकच. मग त्यावर तीन उदाहरणं. पहिलं ती सोडवून दाखवायची, दुसरं दोघांनी मिळून, तिसरं मी एकट्याने. मी चुकलो तर ती चूक सांगत नसे. नुसती खिडकीबाहेर बघत बसे. मी लिहिलेलं पुन्हा वाचून चूक शोधेपर्यंत ती बाहेरचं गुलमोहराचं झाड बघायची. त्या झाडाचा मला इतका राग आला होता की सांगता सोय नाही. आणि घड्याळात साडेसात झाले की अर्ध्या वाक्यात उठायची, नलिनीने चहा टाकलेला असला तरी.

शेवटची पंधरा मिनिटं सगळ्यांत वाईट. तेव्हा ती पेन खाली ठेवायची आणि म्हणायची, “आता मला यातलं काहीच येत नाही असं समजा आणि मला शिकवा.”

मग मी शिकवायचो आणि ती कमालीच्या मठ्ठ मुलीसारखे प्रश्न विचारायची. मधला रविवार रजेत धरायचा का हो सर? का नाही धरायचा? मग त्या माणसाने आधी जोडून सुट्टी घेतली असती तर? चेहऱ्यावरची रेषही हलू न देता ती हे विचारायची. माझा आवाज चढायचा. तीनदा सांगूनही कळत नाही म्हणजे काय, असं मी एकदा टेबलावर हात आपटून म्हणालो. गंमत अशी की तिसऱ्या वेळी सांगताना माझं मलाच कळलेलं असायचं.

उदाहरणांसाठी तिने एक कर्मचारी तयार केला होता. त्याचं नाव सहदेव. या सहदेवाच्या नशिबी विश्रांती नव्हती. सोमवारी तो कावीळ होऊन अर्धपगारी रजेवर जायचा, बुधवारी त्याची मानखुर्दला बदली व्हायची आणि शुक्रवारी रजा शिल्लक नसताना त्याच्या घरी कार्य निघायचं.

आता दार उघडं, आवाज माझा आणि प्रश्न तिचे. पॅसेजमधून जाणाऱ्याने यातून जो निष्कर्ष काढावा तोच समोरच्या बारा नंबरातल्या रत्नप्रभाबाई परब यांनी काढला. त्या पॅसेजमधून जाणाऱ्या नव्हत्या, उभ्या राहणाऱ्या होत्या. तिसऱ्याच दिवशी त्यांनी नलिनीला सांगितलं, साहेब त्या गावठाणातल्या मुलीला किती कळकळीने शिकवतात, आणि ती बिचारी फारच जड डोक्याची दिसते.

त्याच क्षणी खरं सांगून टाकायला हवं होतं. नलिनीने माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्र उघडलं. त्यानंतर जे झालं त्याला जबाबदार मी; ते वर्तमानपत्र मी वाचतही नव्हतो.

दोन आठवड्यांत अख्ख्या इमारतीला मी मास्तर म्हणून ठाऊक झालो. ज्याला त्याला शिकवण्याची विद्या अवगत होती, ती मला जिन्यावर गाठून फुकट मिळू लागली. विद्यार्थ्याचं तोंड पूर्वेला हवं. एकट्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांत बघून शिकवू नये, त्याला झोप येते. अधूनमधून कान धरावा, पण मुलगी आहे तेव्हा आपल्याच मुलाचा धरावा, तिला समज मिळते. तळमजल्यावरच्या सुंदराबाईंना शिकवण्यात रस नव्हता, त्या सहदेवाच्या काळजीत होत्या. त्यांनी त्याच्या काविळीवर उतारा म्हणून पुडीत बांधून अंगारा पाठवला. नलिनीने तो देवापुढे ठेवला, कारण परत पाठवायचा तर काय सांगून, हा प्रश्न होता.

विनीला हे कळलं ते रत्नप्रभाबाईंच्याच तोंडून. त्यांनी तिला पॅसेजमध्ये थांबवून सांगितलं की तू नशीबवान आहेस गं, असे सर कुणाला मिळतात, नीट लक्ष दे. मी दारातच उभा होतो. विनीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणाली. आत आल्यावर वही उघडता उघडता तिने मला हळू आवाजात सांगितलं, “सर, सांगायचं तेव्हा तुम्ही सांगा. मी नाही सांगणार.” आणि लगेच परवाचा नियम विचारला. मला तो आला नाही. लाज वाटत असताना रजा मोजता येत नाही.

मग नोटीस आली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काशीराम गवस. पंचवीस वर्षं गिरणीत साच्यावर काढलेला माणूस. गिरणी संपात बंद पडली आणि त्यांचा सगळा उत्साह सोसायटीच्या अंगावर आला. नोटिशीत लिहिलं होतं की ब्लॉक नंबर अकरामध्ये निवासी जागेचा वापर खाजगी क्लाससाठी होत असल्याचे निदर्शनास आले असून सात दिवसांत लेखी खुलासा करावा. एक प्रत बोर्डावर, एक फाइलला आणि एक मला, माझ्याच हस्ताक्षरातल्या जुन्या नमुन्यावरून तयार केलेली. सोसायटीच्या नोटिशीचा नमुना दोन वर्षांपूर्वी मीच लिहून दिला होता.

खुलासा काय करणार? मी शिकवत नाही म्हणावं, तर मग ती मुलगी आठवड्यातून तीनदा कशाला येते, हा पुढचा प्रश्न. मी शिकतो म्हणावं, तर गेली अकरा वर्षं ज्यांचे अर्ज मी लिहिले त्यांनी ते पुन्हा तपासून घेतले असते. मी चार मसुदे केले. शेवटी ‘सदर मार्गदर्शन पूर्णपणे विनामूल्य असून त्यात कोणताही व्यापारी हेतू नाही’ असं लिहिलं. यात एक शब्द खोटा नाही. मार्गदर्शन विनामूल्य होतंच. कुणाचं कुणाला, हे नोटिशीत विचारलेलं नव्हतं. एकवीस वर्षांच्या नोकरीत मी एवढं तरी शिकलो होतो.

हा खुलासा काशीरामांनी ऑगस्टच्या सर्वसाधारण सभेत मोठ्याने वाचला. सभा हेलावली. शेजारच्या सोसायटीत क्लासवाले रांगा लावून बसलेत आणि इथे आपल्यात असा माणूस आहे, असं एकजण म्हणाला. तिथेच तो वर सांगितलेला ठराव झाला. त्याला जोडून तीन अटी झाल्या. मी दर महिन्याला परवानगीसाठी दोन प्रतींत अर्ज करावा. विद्यार्थिनीने येताना वॉचमनच्या वहीत ‘कारण: शिकवणी’ असं लिहून सही करावी. आणि परोपकार घरातून सुरू व्हावा या न्यायाने, बारा नंबरचे लवू परब यांनाही मार्गदर्शन करावं.

लवू परब म्हणजे रत्नप्रभाबाईंचे यजमान. दुसऱ्या एका सरकारी कचेरीत कारकून आणि त्यांनाही त्यांच्या खात्याची परीक्षा द्यायची होती. नियमपुस्तक जवळजवळ आमचंच. माणूस साधा, मालवणकडचा, डोक्यात एकदा शंका शिरली की ती बाहेर काढल्याशिवाय हलायचा नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार तो वही घेऊन माझ्यासमोर बसू लागला.

पहिल्या दिवशी मी विनीचं नाव मनात घेऊन तिच्याच पद्धतीने सुरुवात केली. दहा प्रश्न दिले. त्याचे चार बरोबर आले. माझे दोन आले होते हे आठवून मला त्याच्याशी जरा कडक वागावंसं वाटलं. मग एकच नियम, तीन उदाहरणं. सहदेव होताच. पण लवू चुकला की मी खिडकीबाहेर बघत बसलो तर तोही माझ्याबरोबर बाहेर बघायचा आणि विचारायचा, “साहेबानु, थंय काय आसा?”

त्याच्या शंका भयंकर होत्या. विनी मठ्ठपणाचं सोंग करून विचारायची, हा मनापासून विचारायचा. मला येत नसलं की मी डोळे मिटून म्हणायचो, लवू, हा भाग परवा करू, आज त्याची पार्श्वभूमी तयार झालेली नाही. दुसऱ्या दिवशी विनीला विचारायचो आणि तिसऱ्या दिवशी लवूला सांगायचो. अशा रीतीने आठवड्यातले सहा दिवस मी शिकवणीत होतो, एका संध्याकाळी हात बांधून आणि एका संध्याकाळी हात नाचवून. लवूला वाटायचं, साहेब रात्रभर विचार करून उत्तर आणतात. तो हे बाहेरही सांगायचा.

सप्टेंबरात एकदा विनी आली ती डोळे लाल होऊन. बरं नाही का, असं नलिनीने विचारलं. पहाटे चारला उठून स्वतःचा अभ्यास करते, मग आईबरोबर वाडीत भाजी काढते, मग ऑफिस, असं तिने कामाची यादी वाचल्यासारखं सांगितलं. मग संध्याकाळी इथे कशाला येतेस, पुरे कर, असं मी म्हणालो. मनापासून म्हणालो. ती म्हणाली की तुमची शेवटची संधी आहे, माझी पहिली आहे. आणि वही मिटून परवाचं विचारलं. त्या दिवशी मी एकही चूक केली नाही. मला चूक करायचा धीरच झाला नाही.

ऑक्टोबरात तिघांच्या परीक्षा झाल्या. विनीची आणि लवूची सगळ्यांना सांगून, शुभेच्छा घेऊन आणि हातावर दही घेऊन. लवूने निघताना वाकून माझ्या पायांना हात लावला. मी त्याच वेळी माझ्या परीक्षेला निघालो होतो, पण नलिनीने सगळ्यांना सांगितलं होतं की साहेबांना कामानिमित्त चर्चगेटला जायचं आहे. माझ्या हातावर दही तिने आत, दाराआड उभं राहून घातलं.

निकाल जानेवारीत लागले. विनी अधीक्षकाच्या परीक्षेत पूर्ण खात्यात पहिली आली. लवूला शंभरात अडुसष्ट. मला एक्कावन्न. पास व्हायला पन्नास लागतात. मी बोर्डासमोर उभा राहून माझा नंबर चार वेळा वाचला. मग जिन्याखाली, जिथे रद्दी ठेवतात तिथे जाऊन, रुमालाने चष्मा पुसला. घरी आल्यावर नलिनीने सहा महिन्यांत पहिल्यांदा दार लावून घेतलं आणि आम्ही दोघांनी शिरा खाल्ला. बाहेर पॅसेजमध्ये रत्नप्रभाबाई लवूच्या पासाचे पेढे वाटत होत्या. तेही आम्ही घेतले. मी पास झालो हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण मी नापास होतो हे कुणाला माहीत नव्हतं.

दर सव्वीस जानेवारीला आमच्या सोसायटीची सत्यनारायणाची पूजा असते. पटांगणात मांडव घालतात, माइक आणतात आणि पूजेनंतर गुणवंतांचा गौरव होतो. यंदा गुणवंतांचा गौरव बाजूला ठेवून गुरूचा गौरव करायचा, असं कमिटीने ठरवलं. बोर्डावर खडूने माझं नाव लिहिलं. माझ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एक खात्यात पहिली आणि एक अडुसष्ट, म्हणजे शंभर टक्के निकाल, असं काशीराम गवस माइकवर दुपारपासून सांगत होते. मी नलिनीला म्हटलं की मला ताप आलाय. तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “अहो, तो पहिल्या परीक्षेला होता. आता नाही.” मग मला सफारी काढून दिला.

मांडवाच्या तोंडाशीच विनी उभी होती आणि तिच्याबरोबर उर्सुलाबाई. मी त्यांना आजवर लांबूनच पाहिलं होतं. लाल चौकड्यांचं लुगडं, हात वाडीतल्या मातीने खरखरीत झालेले. त्यांनी माझ्या हातात एक गरम डबा दिला. आत फुगे होते, त्यांच्याकडे सणाला करतात ते, आंबवलेल्या पिठाचे, तळलेले. मग त्यांनी माझा मोकळा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“पोरगी सांगते, सर होते म्हनून पास झाले,” त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तुम्ही हा शब्द नसतो, तू सगळ्यांनाच. “बाप नाय तिला. तू बापाचं काम केलं.”

विनी जमिनीकडे बघत होती. माझी अब्रू राखायला तिने आपल्या आईलाही खोटं सांगितलं होतं. चोवीस वर्षांची पोर पहाटे चारला उठून स्वतःच्या बळावर पहिली आली आणि त्याचं श्रेय तिने आपल्या घरातसुद्धा माझ्या नावावर लावलं. मला त्या क्षणी स्वतःची जेवढी शरम वाटली तेवढी दोन्ही वेळा नापास होऊन वाटली नव्हती. डबा काखेत धरून मी माइकपाशी गेलो. काशीराम शाल उघडत होते, त्यांना थांबवलं.

“मी विनीला शिकवलेलं नाही,” मी म्हणालो. “विनीने मला शिकवलं. खात्याच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो होतो. यंदा पास झालो, तो तिच्यामुळे. लवूला मी जे सांगत होतो तेही तिनेच मला आदल्या दिवशी सांगितलेलं असायचं. शाल तिला द्या.”

मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. काशीरामांनी माइक हातात घेतला आणि ते म्हणाले, मंडळी, याला म्हणतात विनय. फळ धरलेलं झाड कसं वाकतं ते आज आपण डोळ्यांनी पाहिलं. शिष्येला गुरू म्हणणारा गुरू या बोरिवलीत दुसरा दाखवा. मी माइक परत घ्यायला गेलो, तो त्यांनी मला विनयाने दिला नाही. तेवढ्यात विनी वर आली आणि तिने माइकवर स्पष्ट सांगितलं की सर बोलले ते सगळं खरं आहे. काशीराम म्हणाले, आणि शिष्या बघा, गुरूचा शब्द खाली पडू देत नाही. पुन्हा टाळ्या. रत्नप्रभाबाईंनी पदराला डोळे पुसले. लवू पुढच्या रांगेतून म्हणाला की साहेब नापास, ह्यां काय कोणाक खरां वाटतलां?

मी ओढूनच शाल घेतली आणि विनीच्या खांद्यावर घातली. फोटोग्राफर म्हणाला, साहेब, हात तसाच डोक्यावर ठेवा, आशीर्वाद येऊ द्या. त्याने दोन फोटो काढले. मग तीर्थप्रसादाची घोषणा झाली आणि लोक रांगेत लागले. माझं खरं सांगून झालं होतं आणि त्याचा एवढाच परिणाम झाला होता, की सुंदराबाई जाता जाता मला नमस्कार करून गेल्या.

उर्सुलाबाई तेवढ्या टाळ्या वाजवत नव्हत्या. रांग सोडून त्या सरळ माझ्याकडे आल्या.

“खरं बोलला तू?”

मी खरं म्हणालो. त्यांनी विनीकडे पाहिलं. विनीने मान हलवली. उर्सुलाबाईंनी माझ्या काखेतला डबा काढून घेतला आणि विनीच्या हातात दिला. तो तिचाच होता. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, खांद्यावरची शाल सारखी केली आणि बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी निघायला वळलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं, डब्याचं झाकण काढलं, दोन फुगे उचलले आणि माझ्या तळहातावर ठेवले.

“तू पन पास झाला ना? हे तुझे.”

निकाल लागून बारा दिवस झाले होते. नलिनी सोडली तर एवढं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी तिथेच मांडवात उभं राहून ते दोन्ही फुगे खाल्ले.